नानीबाईची चौथी सकाळ

कारंज्याच्या गोजराबाई धर्मशाळेचे दिवाणजी इंद्रभान यांना एक शब्द अजिबात खपत नसे. पत्ता शोधत आलेला पोस्टमन सहज विचारायचा, "नानीबाई इथंच राह्यते ना?" की इंद्रभानांचा पारा चढलाच.

"राह्यत नाही. उतरली हाये. धर्मशाळेत कोणी राह्यत नसते, लोक इथं उतरतात."

आणि ही नानीबाई तिथे उतरून किती दिवस झाले होते? एकतीस वर्षं. सात नंबरच्या खोलीत. पोस्टमन बिचारा मान हलवून सायकलवर टांग टाकायचा. अशा माणसाशी वाद घालू नये हे टपाल खात्यातल्या लोकांना लवकर कळतं.

गंमत अशी की इंद्रभान खोटं बोलत नव्हते. धर्मशाळेच्या दाराबाहेर उजव्या हाताला एक ओटा आहे आणि ओट्याला लागून, बसलेल्या माणसाच्या नजरेला येईल इतक्या खाली, भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. दमून आलेला वाटसरू आधी टेकतो आणि मग वाचतो, म्हणून बांधणाऱ्या बाईने तो मुद्दाम खाली बसवून घेतला म्हणे. दगडावरचा मजकूर इंद्रभानांना शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता. 'शके १८२४. ही धर्मशाळा गोजराबाईने वाटसरांसाठी बांधिली. जात पुसू नये. तीन रात्री उतरावे. चौथे सकाळी दार ओलांडावे.'

तर नानीबाई दर चौथ्या सकाळी दार ओलांडायची. पहाटे उठून सगळा चौक झाडायची, दारापुढचा रस्ता झाडायची, सडा टाकायची. मग खोलीत जाऊन आपलं सामान गाठोड्यात बांधायची. दोन लुगडी, एक गोधडी, तवा, दोन ताटल्या, आणि कोनाड्यातला नवऱ्याचा फोटो, तो सगळ्यात वर. गाठोडं डोक्यावर घेऊन ती दाराशी यायची आणि म्हणायची, "जाते, दिवाणजी." इंद्रभान वहीत लिहायचे, 'खोली सात, गेली.' दिवसभर ती जिनिंग कारखान्यात कापूस निवडायला जायची, गाठोडं तिथल्या चहावाल्याच्या बाकड्याखाली ठेवायची, आणि दिवेलागणीच्या आधी पुन्हा दारात हजर.

"नाव?" इंद्रभान चष्म्यावरून विचारायचे.

"नानीबाई किसनसिंग."

"गाव?"

"तांडा."

"पुढं कुठी जानार?"

"पाहू."

इंद्रभान गंभीरपणे 'पाहू' असंच लिहायचे आणि म्हणायचे, "सात नंबर रिकामी हाये." ती रिकामी असणारच. सकाळी नानीबाईनेच रिकामी केलेली असायची. नवखा माणूस हे पाहून हसायचा. त्या दोघांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

नियमाचं एवढं काय, असं कोणी विचारलं तर इंद्रभान गावाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवायचे. तिकडेही एक धर्मशाळा होती. तिथल्या कारभाऱ्यांनी दयाबुद्धीने एकाला महिनाभर राहू दिलं, दुसऱ्याला पावसाळाभर. राहता राहता लोकांनी चुली मांडल्या, नावाच्या पाट्या लावल्या, मग शटर बसवली. आज तिथे मोबाइलची दोन दुकानं आहेत, एक फोटो स्टुडिओ आहे, आणि कोर्टात अशी केस आहे की तिच्यात मूळ भांडणारे कधीच वर गेले. धर्मशाळा मात्र शोधूनही सापडत नाही. "आपली कायनं टिकली?" इंद्रभान विचारायचे, आणि उत्तर ऐकायला न थांबता सांगायचे, "चौथ्या सकाळीनं टिकली."

ते पूर्ण खरं नव्हतं. ती टिकली त्यात बांधणाऱ्या बाईच्या डोक्याचाही मोठा वाटा होता. गोजराबाई ही कापसाच्या एका व्यापाऱ्याची बायको. नवरा गेल्यावर वर्षभराने ती गंगेला जाऊन आली, तर तिच्याच खोलीला बाहेरून कुलूप. दिरांनी लावलेलं. आत तिची भांडी, तिचा पलंग, आणि बाहेर ती, हातात गंगेच्या पाण्याचा गडू घेऊन. पुढे माहेरची इस्टेट तिच्या हाती आली तेव्हा नुकताच संवत छप्पनचा मोठा दुष्काळ होऊन गेला होता, आणि माणसं रस्त्याच्या कडेला कशी पडतात ते तिने पाहिलं होतं. तिने मंगरूळच्या रस्त्यावर जागा घेतली आणि ही वास्तू उठवली. मधे फरसबंद चौक, चौकात पायऱ्यांची विहीर, चारी बाजूंनी ओसरी, सागाचे खांब, वर कवेलूंचं छप्पर, आणि ओसरीत बारा खोल्या. भिंती दोन हात जाड, विटा-चुन्याच्या. बाहेरच्या भिंतीत बैल बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत, त्यांना आता मोटारसायकलींचे हेल्मेट लटकतात.

सुताराने बाराही खोल्यांच्या दारांना रीतीप्रमाणे बाहेरून कडी-कोयंडे ठोकले, तेव्हा गोजराबाई तिथे उभी राहिली आणि तिने ते सगळे उपटायला लावले. पहिल्या खोलीच्या चौकटीवर त्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. आतून आगळ आहे, म्हणजे झोपलेल्या बाईमाणसाला भीती नाही. बाहेरून मात्र काही नाही. कुलूप लावून खोली अडवून ठेवणं या घरात कोणाला जमणारच नाही. माणूस बाहेर पडला की खोली मोकळी. फक्त एकाच खोलीला तिने बाहेरून कोयंडा राहू दिला, दाराला लागून असलेल्या तेराव्या, लहानशा खोलीला. इंद्रभान राहायचे ती. इंद्रभानांचा आजा तिथे आला तेव्हा त्याच्या हातात झाडू होता आणि लोक त्याला नुसतं नावाने हाक मारायचे. बापाच्या अंगावर कोट आला आणि लोक दिवाणजी म्हणू लागले. इंद्रभान गादीवर आले तेव्हा झाडू आणि वही दोन्ही त्यांच्याकडे होतं. मग नानीबाई आली आणि वही तेवढी राहिली.

ती आली कशी, तेही सांगायला हवं. मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली बंजारा जोडी, किसनसिंग आणि नानीबाई, ऊसतोडीहून परत येत होती. सोबत चार वर्षांची सुकेशनी. किसनसिंगला कारखान्यावरच ताप भरला होता. एसटीतून कारंज्याला उतरले आणि पुढची गाडी धरायचं बळ त्याच्यात राहिलं नाही. कोणीतरी धर्मशाळा दाखवली. तिसऱ्या दिवशी दुपारी किसनसिंग सात नंबरच्या खोलीतच वारला. तांड्यातले लोक अजून फडावरच होते. गावातल्या चार माणसांनी त्याला पोचवलं, त्यात एक खांदा इंद्रभानांचा होता.

आणि दुसऱ्याच दिवशी, तेव्हा जेमतेम सदतिशीत असलेल्या इंद्रभानांनी त्या बाईला सांगितलं, "बाई, चौथी सकाळ हाये."

हे सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं, असं ते नंतर कधीतरी कबूल करत. पण सांगितलं. नानीबाईने गाठोडं बांधलं, पोरीला काखेत घेतलं आणि दार ओलांडलं. परत ऊस तोडायला जायचं नाही एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पुढचं काहीच पक्कं नव्हतं. संध्याकाळी ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली. इंद्रभान बाहेर आले, दगड वाचला, पुन्हा वाचला. दार ओलांडावे असं लिहिलं होतं. ओलांडल्यावर परत येऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते आत गेले, वही घेऊन आले आणि म्हणाले, "नाव?"

दुसऱ्या दिवशी ते उठले तर चौक झाडून झाला होता.

बाईला कोणी झाडायला सांगितलं नव्हतं. फुकट उतरलो आहोत ही गोष्ट तिच्या हाताला बसू देत नव्हती. पुढे ती दर दिवाळीला सगळ्या भिंतींना चुना द्यायची आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा लाल पट्टा मारायची. पट्ट्याच्या बाबतीत इंद्रभान फार कडक. मागे उभे राहून सांगायचे, "अजून बोटभर वर घ्या. लाइनीत आला पाह्यजे."

अशी वर्षं गेली. सुकेशनी त्याच चौकात वाढली, गाठोड्यामागे चालत चालत नगरपालिकेच्या शाळेत गेली, दहावी झाली, आणि मानोऱ्याजवळ एका चांगल्या पोराच्या घरी लग्न होऊन गेली. लग्नाला नानीबाई दोन रात्री तिकडे राहिली. परत आली तर गुरुमहाराजांचा उत्सव होता, बाराही खोल्या भरलेल्या. इंद्रभान दारात उभे, चेहरा पडलेला, पण खोली कुठून आणणार? नानीबाईने पाच रात्री एसटी स्टँडवर काढल्या. सहाव्या दिवशी सात नंबर मोकळी झाली. त्या पाच रात्रींची धास्ती तिच्या मनात अशी बसली की त्यानंतर ती एकही रात्र कुठे बाहेर राहिली नाही. सुकेशनीच्या पहिल्या बाळंतपणाला नाही, दुसऱ्या नाही. सकाळच्या गाडीने जायची, नातीला, संस्कृतीला, मांडीवर घ्यायची आणि चारच्या गाडीने परत. सुकेशनीने एकदा तिला नवा कुकर घेऊन दिला होता. तोही तिने परत धाडला, कारण तो गाठोड्यात मावत नव्हता.

"याडी, तुले ते खोलीच माह्यापेक्षा जास्त झाली," सुकेशनी एकदा म्हणाली होती. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. जे आपल्याला सोडता येत नाही ते आपल्याला आवडतंच असं लोक धरून चालतात, आणि समजावून सांगण्याची कला तिच्याजवळ नव्हती.

यंदा धर्मशाळेची दुरुस्ती निघाली. विश्वस्तांमध्ये विकास नावाचा एक तरुण इंजिनिअर नव्याने आला होता. पोरगा उत्साही आणि जीव लावणारा. मधल्या काळात कोणी भिंतींवर सिमेंट फासलं होतं, ते काढून जुन्या रीतीचा चुना करायचा असा त्याचा बेत. इंझोरीचा गवंडी रूपला त्यासाठी आला. चौकात चुन्याची घाणी लागली. गूळ, मेथी आणि बेलफळाचं पाणी घालून चुना मळू लागले, आणि आठ दिवसांत आख्ख्या धर्मशाळेला पंगतीसारखा वास सुटला. दुरुस्तीनंतर खोल्यांचं बुकिंग मोबाइलवर होणार, हेही विकासने जाहीर केलं. इंद्रभानांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एका सोमवारी, नानीबाईची चौथी सकाळ होती. गाठोडं डोक्यावर घेऊन ती दाराशी आली. उंबरठा वीतभर उंच, सागाचा, आणि त्यावर नुकताच सांडलेला ओला चुना. पाय सरकला. गाठोडं रस्त्यात पडलं, ताटल्या गडगडत गेल्या आणि नानीबाई ओट्याच्या कडेवर आपटली. घोट्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना पाय टेकवायचा नाही असं बजावलं. संध्याकाळी ऑटो दाराशी थांबला. रूपलाने आणि विकासने तिला उचलून आत नेलं. इंद्रभान वही घेऊन उभे होते. विकासला वाटलं, आज तरी म्हातारा विचारणार नाही.

"नाव?" इंद्रभानांनी विचारलं.

"नानीबाई किसनसिंग," दात आवळून ती म्हणाली.

सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी चौथी सकाळ.

मंगळवारी विकास इंद्रभानांजवळ येऊन बसला. "दिवाणजी, सोपं आहे. गुरुवारी वहीत लिहा, गेली. खाली लिहा, आली. कोण बघतंय?"

"मी पाहून राह्यलो ना," इंद्रभान म्हणाले.

"अहो, माणूस मोठा की नियम?"

"आज नानीबाईसाठी खोटं लिहिलं तं उद्या दुसऱ्यासाठी लिहा लागीन. मंग तुमी मले शटर कोठी बसवाचं ते सांगा."

विकास चिडून निघून गेला. त्याने म्हाताऱ्याला दगड म्हटलं असेल, आणि त्याचं फार चुकलं नसेल. पण त्या दोन दिवसांत इंद्रभानांना जेवण गेलं नाही. वाशीमहून मुलाचा, गणेशचा फोन आला, त्याच्याशीही ते नीट बोलले नाहीत. ते फक्त एका गोष्टीची वाट पाहत होते. नानीबाईने एकदा म्हणावं, दिवाणजी, यावेळी राहू द्या. एकतीस वर्षांत तिने त्यांच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

तिने मागितलं नाही. मंगळवारी दुपारी सुकेशनी आली, तिचंही नाव वहीत लागलं, आणि सात नंबरमधला आवाज ओसरीभर ऐकू येऊ लागला.

"उद्या गाडी करते, चाल माह्या घरी. संस्कृती रोज इचारते आजी कवा येते म्हून."

"अन् परत?"

"परत कायले याचं? काय ठेवलं हाये इथं? एक कोनाडा?"

"दीड महिन्यानं मोबाइलवर खोल्या देनार हायेत म्हनतात. मले कोन देईन खोली मोबाइलवर?" नानीबाई म्हणाली. "तुह्या घरी मी पाव्हनी म्हून येईन, बाई. कायमची जाऊन पडनार नाही. तुह्या सासूचं घर हाये ते."

"मंग परवाच्या दिशी काय करशीन? या पायानं?"

"सरकत जाईन उंबऱ्यापलीकडे. ओट्यावर बसीन दिवसभर, संध्याकाळी सरकत येईन. दिवाणजीच्या वहीवर डाग नाही पडू देनार मी."

इंद्रभान बाहेर खांबाला टेकून उभे होते. ते शब्द त्यांनी ऐकले आणि ते आपल्या खोलीत जाऊन बसले. आपण जन्मभर ज्याला चांगुलपणा समजत आलो तो एका मोडल्या पायाच्या बाईला उंबरठ्यावरून सरपटायला लावणार होता, हे त्यांना दिसत होतं. तरी हात वहीकडे जात नव्हता. अशा वेळी माणसाला स्वतःचाच राग येतो, तसा त्यांना आला.

बुधवारी सकाळी रूपला बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग खरवडत होता. शंभर वर्षांच्या गेरूचे थर, एकावर एक, पापुद्र्यांसारखे निघत होते. दहाच्या सुमाराला त्याची हाक आली.

"इंजिनिअर सायेब, दगड खाली बी हाये! अक्षरं बी हायेत!"

काळा दगड इंद्रभान समजत होते त्याहून वीतभर लांब होता. त्याचा तळ गेरूच्या पट्ट्याखाली गेला होता. विकासने ब्रशने अक्षरं झाडली, ओणवा होऊन एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"जो हे दार... झाडील... त्यास चौथी सकाळ नाही."

रूपलाने हातातलं हत्यार खाली ठेवलं.

इंद्रभान ओट्यावर बसले. बसल्यावर ती ओळ बरोबर नजरेसमोर आली, बाईने बसवली होती तशी. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. पट्टा त्यांच्या आईने मारला होता, तिच्या आधी आजीने. घरातल्या बायांना वाचता येत नव्हतं, आणि वाचता येणारे पुरुष मागे उभे राहून पट्टा सरळ येतो की नाही तेवढं पाहत होते. दर दिवाळीला बोटभर वर, बोटभर वर. आणि गेली एकतीस वर्षं तो नानीबाईने स्वतःच्या हाताने मारला होता. तिच्या हक्काची ओळ तिच्याकडूनच झाकून घेतली होती त्यांनी, वर लाइन वाकडी आली म्हणून रागावलेही होते.

"म्हणजे नानीबाईंना नियम नव्हताच," विकास हळू आवाजात म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

इंद्रभान उठले आणि सात नंबरमध्ये गेले. त्यांनी दगडावर काय निघालं ते सांगितलं, काही न लपवता. सुकेशनीने तोंडावर पदर घेतला. नानीबाईने प्लास्टरचा पाय हाताने सरळ केला.

"पट्टा तं मीच मारत होती," ती म्हणाली.

"हाव."

"अन् तुमी म्हनत होते, अजून बोटभर वर."

"हाव, नानीबाई."

मग तिचा आवाज चढला. एकतीस वर्षांत इंद्रभानांनी तो असा ऐकला नव्हता. "सुकेशनीचं पयलं बाळंतपन अडलं होतं. तीन निरोप आले होते मले. मी स्टँडवर जाऊन गाडीत बसली अन् खाली उतरली. खोली जाईन म्हून उतरली मी, दिवाणजी! पोरगी तिकडे मरनाच्या दारात अन् मी इथं तुमचा चौक झाडून राह्यली होती!"

सुकेशनीने आईचा हात धरला. गाडीत बसून उतरल्याचं तिलाही आजच कळत होतं.

"मी चुकलो," इंद्रभान म्हणाले. "मले माफ करा असं म्हनत नाही. चुकलो एवढं म्हनतो."

नानीबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. इंद्रभान बाहेर आले.

दुपारभर ते आपली खोली रिकामी करत होते. कोट, ट्रंक, बायकोच्या वेळची भांडी, गणेशने दिलेला पंखा, जुन्या वह्यांचे गठ्ठे. सहा खेपा झाल्या तरी सामान संपेना. नानीबाईचं सगळं आयुष्य एका गाठोड्यात मावत होतं, हे त्यांना चौथ्या खेपेला आठवलं. विकास धावत आला.

"हे काय करताय?"

"ही झाडनाऱ्याची खोली हाये. माहा आजा झाडत होता म्हून त्याले भेटली. मी झाडनं सोडलं त्याले एकतीस वर्षं झाले."

"पण तुम्ही दिवाणजी आहात! तुमचं पद आहे."

"दगडावर दिवाणजी कोठी लिहिलं हाये, दाखव बरं मले," इंद्रभान म्हणाले.

गुरुवारी पहाटे खुर्चीत बसवून नानीबाईला तेराव्या खोलीत नेलं. उजाडल्यावर खरखर आवाज आला म्हणून इंद्रभानांनी पाहिलं, तर ती उंबरठ्यावर बसली होती, प्लास्टरचा पाय समोर लांब केलेला, आणि हात पोचेल तेवढं दार झाडत होती. त्यांना पाहून ती झाडू न थांबवता म्हणाली, "काही फुकट नाही घेत मी."

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. रूपलाने दगड धुऊन पुसून घेतला, आणि पट्टा आता दगडाच्या खालून जातो, वाकडा. तो सरळ करू नये असं इंद्रभानांनीच सांगितलं. नानीबाईच्या खोलीत कुकर आला, मग एक पत्र्याची पेटी, मग दोन कुंड्या. चैत्रात सुकेशनीचा निरोप आला, शाळेला सुट्ट्या लागल्या, महिनाभर राहायला ये. नानीबाईने फक्त दोन लुगडी पिशवीत घातली. बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून ती बाहेर आली आणि तिने दार ओढलं. इंद्रभानांच्या आज्याचं पितळी कुलूप तिच्या हातात होतं. कुलूप लावायची तिला सवय नव्हती. किल्ली उलटी फिरली, मग सुलटी. तिने ते ओढून पाहिलं. रस्त्यापर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा ओढून पाहिलं.

"चोर नाही येत, जा आता. गाडी जाईन," इंद्रभान म्हणाले.

"जाते, दिवाणजी," ती म्हणाली. दोन पावलं गेल्यावर थांबून तिने दुरुस्त केलं, "येते."

इंद्रभान सात नंबरमध्ये उतरले आहेत. गणेश चारदा न्यायला आला, त्याला त्यांनी पाहू म्हणून सांगितलं. दर चौथ्या सकाळी ते छोटी पिशवी घेऊन दार ओलांडतात, स्टँडवर चहा पितात, पेपर वाचतात आणि दिवेलागणीच्या आधी परत येतात. मग वही उघडून स्वतःच स्वतःचं नाव लिहितात. विकासला हा हट्ट वाटतो. असेलही. पण नानीबाईइतक्या चौथ्या सकाळी दार ओलांडल्यावाचून कोणाला काही सांगायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे.

परवा यवतमाळकडचं एक जोडपं उतरायला आलं, सोबत लहान मूल. गृहस्थाने चौकात उभं राहून इकडेतिकडे पाहिलं आणि दाराजवळच्या कुलपाकडे बोट केलं.

"काका, ही खोली कोणाची? बंदच दिसते. ती द्या ना, दाराजवळ आहे."

इंद्रभानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"ते नाही देता येत," ते म्हणाले. "तिथं नानीबाई राह्यते. पोरीकडे गेली हाये."